चार ‘पी’ घेणार, की साधंच लिहिणार?

माझ्या क्षेत्रकार्याच्या डायरीत सदतिसाव्या पानावर लाल शाईने ‘नक्कल?’ असा एकच शब्द लिहिलेला आहे. प्रश्नचिन्ह सौजन्यापोटी काढले असावे. पण शब्दापेक्षा तेच मला अधिक झोंबले. नुसते ‘नक्कल’ असते तर भांडता आले असते. प्रश्नचिन्हाला मात्र उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर द्यायला उभे राहिले की निर्दोष माणूससुद्धा चोरासारखा दिसू लागतो. ही गोष्ट गेल्या गुरुवारची आहे आणि माझा राग अजून निवळलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आठवड्यातले दोन दिवस आम्हाला एखाद्या संस्थेत कामाला पाठवतात. त्याला प्लेसमेंट म्हणतात. या शब्दामुळे घरी पेढे वाटण्यापर्यंत मजल गेली होती. पगार मिळत नाही, प्रवासखर्च आपलाच असतो आणि वर तासांचा हिशेब आपणच द्यायचा असतो, हे कळल्यावर आत्याने ‘मग प्लेसमेंट कोणाची झाली?’ असा प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. यादी लागली तेव्हा वर्गातल्या हुशार मंडळींना रुग्णालय आणि समुपदेशन केंद्र मिळाले, आणि माझ्या नावापुढे वस्तीत काम करणारी एक लहानशी संस्था आली. तिथे पहिले तीन आठवडे मी फलकाचे डावे टोक धरून उभी राहिले, नोंदवह्यांना कव्हरे घातली आणि एक मोठे कपाट आवरले. कपाट इतके नेटके आवरले की संस्थेतल्या पर्यवेक्षक ताईंनी माझ्या मूल्यमापनाच्या तक्त्यात ‘टापटीप’ असा शेरा दिला. समाजकार्याच्या शिक्षणातली माझी पहिली कमाई ती हीच.

चौथ्या आठवड्यात ताई म्हणाल्या, “आता तुम्हाला केस देते. आजोबांकडे जा, ते सगळ्या विद्यार्थ्यांना सहकार्य करतात.” या वाक्यातला ‘सगळ्या’ हा शब्द मी तेव्हाच नीट ऐकायला हवा होता.

(आजोबांचे नाव, त्यांचे दुखणे आणि पुढे ज्याचा उल्लेख येईल तो अर्ज नेमका कशाचा होता, यांतले काहीही मी सांगणार नाही. गोपनीयतेचे तत्त्व मी पाळते. लाल शाईने शेरे मारणाऱ्यांनी कृपया याचीही नोंद घ्यावी.)

आजोबांनी माझ्यासाठी स्टूल आधीच मांडून ठेवले होते. संवादाची सुरुवात कशी करायची, नजर कुठे ठेवायची, किती वाकून बसायचे, याचा सराव मी आरशासमोर करून गेले होते. “आजोबा, तब्येत कशी आहे?” एवढेच म्हणाले, तोच त्यांनी हात वर करून मला थांबवले.

“रॅपो झाला, असं लिहा. पहिल्याच भेटीत झाला म्हणून लिहा. दुसऱ्या भेटीत लिहिलं तर तुमच्या मॅडम विचारतात, पहिल्या भेटीत काय केलं?”

(रॅपो म्हणजे ज्याला मदत करायची त्याच्याशी विश्वासाचे, मोकळे नाते जुळणे.) मी वही उघडली. त्यांनी चष्मा पुसला, तो नाकावर नीट बसवला आणि दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो तितक्या सहजतेने विचारले, “चार ‘पी’ घेणार, की साधंच लिहिणार?”

ज्यांना हे चार ‘पी’ ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी सांगते. व्यक्ती, समस्या, ठिकाण आणि प्रक्रिया या चौघांची इंग्रजी नावे ‘पी’पासून सुरू होतात, आणि या चौकटीत केस कशी बसवायची हे हेलन हॅरिस पर्लमन या अमेरिकन विदुषीने १९५७ साली मांडले. त्याच वर्षी फेलिक्स बिस्टेक नावाच्या जेझुइट धर्मगुरूंनी सहाय्यक आणि सहाय्यार्थी यांच्या नात्याची सात तत्त्वे सांगितली. हे चार आणि ते सात असे अकरा मुद्दे परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही जपमाळेसारखे ओढतो, आणि तरीही एखादे तत्त्व हटकून निसटते. आजोबांचे एकही निसटले नव्हते.

“साधंच लिहिते,” मी म्हणाले.

“हरकत नाही. मग लिहा. ‘लाभार्थी एकटे राहतात. दृष्टी अधू आहे. स्वभाव मनमिळाऊ आहे.’” इथे ते जरा थांबले. “मनमिळाऊ हे मी सांगितलेलं नाही, ते पहिल्या ताईंनी घातलं होतं. पण राहू दे, बरं दिसतं.”

मग ते जिनोग्रामकडे वळले. ज्या आकृतीत पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ आणि गेलेल्या माणसावर फुली, अशा खुणांनी सगळे कुटुंब एका पानावर मांडायचे असते, ती आकृती मी उभ्या कागदावर काढायला घेतली. आजोबांनी शांतपणे माझ्या हातातली वही फिरवली. “कागद आडवा धरा, ताई. माझ्याकडे फुल्या जास्त आहेत. उभ्यात मावत नाहीत.”

यावर काय बोलावे हे मला कोणत्याही वर्गात शिकवलेले नव्हते. म्हणून जे शिकवले होते ते केले. सहाय्यार्थी गप्प झाला तर ती शांतता भंग करू नये, तिचा मान राखावा, असे आमच्या टिपणांत आहे. मी मान राखत बसले. आजोबाही बसले. बाहेर कोणीतरी भांडी घासत होते, त्याचा आवाज तेवढा येत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “झाली का शांतता? तीही लिहायची असते. मागच्या दादांची राहून गेली होती, तर त्यांना परत यावं लागलं.”

मी धीर करून खुला प्रश्न विचारला, “हे सगळं आठवल्यावर तुम्हाला कसं वाटतं?”

“भावना तिसऱ्या भेटीला,” आजोबा म्हणाले. “आजच सांगून टाकल्या तर पुढच्या वेळी तुम्ही काय लिहाल?”

निघताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो, गाडी किती वाजता सुटते, अशा सुरात. “तुमचं टर्मिनेशन कधी?” टर्मिनेशन म्हणजे सहाय्यसंबंधाची समाप्ती. ती हळुवारपणे, सहाय्यार्थीची मानसिक तयारी करून घडवून आणावी, असे आम्हाला सांगितले जाते. मी परीक्षेच्या आधीच्या आठवड्याचे नाव घेतले. आजोबांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, “म्हणजे अर्जाचं उत्तर यायच्या आत.” ते गमतीने बोलत आहेत असे वाटून मी हसले. ते हसू मला आता आठवत नाही असे म्हणता आले असते तर बरे झाले असते.

माणसांमध्ये जाऊन शिकायची ही पद्धत काही आजची नाही. १८८४ साली लंडनच्या पूर्व भागात टॉयनबी हॉल उभा राहिला, तेव्हा विद्यापीठांतली तरुण मंडळी गरिबांच्या शेजारी राहायला गेली होती. ‘राहायला’ हा शब्द महत्त्वाचा आहे; ती मंगळवारी आणि गुरुवारी जाऊन पाचला परतत नव्हती. १८९७ मध्ये मेरी रिचमंड यांनी टोरांटोच्या परिषदेत मागणी केली की गरिबांच्या घरी भेटी देणाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण मिळाले पाहिजे, आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली समाजकार्याची पहिली पदव्युत्तर शाळा निघाली. हे गृहस्थ त्याआधीपासून नागपाड्याच्या वस्तीत केंद्र चालवत होते, म्हणजे त्यांची वस्ती आधी होती आणि वर्ग नंतर आला. अमेरिकेतल्या समाजकार्य शिक्षण परिषदेने २००८ मध्ये क्षेत्रशिक्षण हीच या विद्याशाखेची ओळख मानली. तिथे पदवीसाठी किमान ४०० आणि पदव्युत्तर पदवीसाठी किमान ९०० तास क्षेत्रात घालवावे लागतात. विद्यार्थ्याने किती तास द्यावेत हे असे नेमके ठरलेले आहे. ज्याच्यावर त्याने हात बसवायचा, त्या माणसाने किती तास द्यावेत हा आकडा मात्र माझ्या वाचनात कुठे आलेला नाही. आजोबांनी माझ्या माहितीप्रमाणे तीन विद्यार्थी तयार केले आहेत. त्यांना मानधन नाही, प्रमाणपत्र नाही, आणि निरोप समारंभाला बोलावणेही नाही.

असो. गुरुवारकडे येते.

वैयक्तिक मार्गदर्शनाच्या वेळी मॅडमनी टेबलावर तीन डायऱ्या शेजारी शेजारी उघडून ठेवल्या होत्या. एक माझी, एक गेल्या वर्षीची आणि एक त्याच्या आधीच्या वर्षीची. तिन्हींत आजोबा एकटे राहत होते, तिन्हींत त्यांची दृष्टी अधू होती आणि तिन्हींत ते मनमिळाऊ होते. तिन्हींत जिनोग्राम आडवा होता. तिसऱ्या भेटीच्या नोंदीत तिघांनाही आजोबांनी सांगितलेली भावना शब्दशः तीच होती, स्वल्पविरामासकट.

“वैयक्तिकीकरणाचं तत्त्व यात कुठे दिसतंय?” मॅडमनी विचारले. प्रत्येक माणूस वेगळा असतो आणि त्याला वेगळा म्हणूनच समजून घ्यायचे असते, असे सांगणारे हे तत्त्व बिस्टेक यांच्या सातांतले पहिले.

“मॅडम, माणूस तोच आहे,” मी म्हणाले.

“माणूस तोच असेल. विद्यार्थी तर वेगळे आहात ना?”

वाक्य बिनतोड होते, आणि म्हणूनच मला अधिक चीड आली. मी आजोबांचे तोंडी सहकार्य, त्यांची क्रमवारी, भावनांचे वेळापत्रक हे सगळे सांगू लागले. पण एका वृद्ध सहाय्यार्थीनेच मला केस लिहून दिली, हे मोठ्याने बोलताना माझ्याच कानांना खोटे वाटू लागले. मॅडमनी मला पुनर्लेखनासाठी दहा दिवसांची मुदत दिली, आणि समोर आणखी चौदा विद्यार्थी बसलेले असल्यामुळे पुढच्याला हाक मारली.

त्या डायऱ्या परत ठेवताना मला तिन्हींचे शेवटचे पान दिसले. ‘हस्तक्षेप : लाभार्थीस अर्ज भरून दिला.’ (आमच्या भाषेत हस्तक्षेप म्हणजे सहाय्यार्थीच्या मदतीसाठी केलेली कृती.) अक्षर तीन माणसांचे होते, वाक्य एकच होते. माझेही तेच होते. आजोबांचा मजकूर दरवर्षी सारखा येत होता, कारण दरवर्षी त्यांची अडचण सारखीच होती. विद्यार्थी येतो, रॅपो होतो, अर्ज भरला जातो, परीक्षा येते, टर्मिनेशन होते. पुढच्या सत्रात नवा विद्यार्थी पुन्हा रॅपोपासून सुरुवात करतो. संस्थेला एकाच पर्यवेक्षक ताईंवर सारी वस्ती सांभाळायची असते, महाविद्यालयाला तास हवे असतात, आणि आम्हाला तर काय, ‘हस्तक्षेप’ या मथळ्याखाली काहीतरी हवेच असते. अर्ज भरणे हा त्यासाठी फार सोयीचा हस्तक्षेप आहे, कारण तो एका भेटीत उरकतो.

शनिवारी क्षेत्रकार्याचा दिवस नसताना मी आजोबांना घेऊन त्या कार्यालयात गेले. बाकावर चार तास बसलो. आजोबांनी वेळ घालवण्यासाठी मला गटकार्याचे टप्पे विचारले आणि माझा एक चुकला. अखेर खिडकीतल्या बाईंनी संगणकात पाहून सांगितले की, पहिल्या दोन्ही अर्जांना उत्तर गेलेले आहे. एक कागद जोडायचा राहिला होता, तेवढा पाठवा, असे पत्र होते. पत्र कोणत्या पत्त्यावर गेले, असे मी विचारले. त्यांनी संस्थेचा पत्ता वाचून दाखवला, आणि त्याच्या वरच्या ओळीत ‘द्वारा’ म्हणून आधीच्या विद्यार्थ्यांची नावे.

तेव्हा मला ते कपाट आठवले. खालच्या खणात न उघडलेली काही पाकिटे होती, आता संस्थेत नसलेल्या माणसांच्या नावांची. ती फेकू नयेत एवढी समज मला होती. मी त्यांच्यासाठी एक स्वतंत्र फाईल केली, तिच्यावर ठळक अक्षरांत ‘माजी विद्यार्थी : किरकोळ’ असे लिहिले आणि ती सगळ्यांत मागे, व्यवस्थित उभी करून ठेवली. ‘टापटीप’ हा शेरा मला मिळाला तो त्याच आठवड्यात.

मी हे आजोबांना तिथेच सांगितले. ते थोडा वेळ खिडकीकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, “हे मात्र आधीच्या दोघांनी लिहिलेलं नाही. तुमचं वेगळं होईल.”

सोमवारी मी फाईल काढली, पाकिटे फोडली आणि राहिलेला कागद जोडून दिला. मग शनिवारचे चार तास तक्त्यात भरायला गेले, तर ताई म्हणाल्या की त्या तक्त्यावर त्यांना सही करता येणार नाही, कारण तो दिवस नेमून दिलेला नव्हता आणि ती जागाही संस्थेची नव्हती. मॅडमना विचारले, तर त्यांनी ताईंची सही आणायला सांगितले. ते चार तास मी सध्या पेन्सिलने लिहून ठेवले आहेत.