परागकणांचे ‘सनस्क्रीन’ खाऊन ऊन लागायचे थांबत नाही

मेसेज फिरत फिरत मावशीपर्यंत पोचला आणि तिने परागकणांची बाटली मागवलीसुद्धा, म्हणून हे लिहिणे भाग आहे. मजकूर असा: २५ कोटी वर्षांपूर्वी अतिनील किरणांनी ९० टक्के जीव भाजून मेले, वनस्पती परागकणांतल्या सनस्क्रीनमुळे वाचल्या, ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’, ओझोनचे छिद्र वाढतेय, तेच पुन्हा होणार, तेव्हा मधमाशीचे परागकण रोज दोन चमचे खा आणि चेहऱ्यालाही लावा.

आधी ते दोन चमचे. परागकणांत अतिनील-ब (यूव्ही-बी, अतिनील किरणांचा एक प्रकार) किरण शोषणारी संयुगे असतात, एवढे खरे. पॅरा-कुमारिक आणि फेरुलिक आम्ल. पण ती असतात कणाच्या बाहेरच्या भिंतीत, स्पोरोपोलेनिन नावाच्या चिवट पदार्थात रासायनिक बंधांनी जखडलेली. ही भिंत किती टिकाऊ ते पाहा: खडकातून जीवाश्म परागकण मोकळे करताना आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढतात, मग हायड्रोफ्लुओरिक आम्लाने सिलिकेट विरघळवतात. दगड जातो, भिंत राहते. ती भिंत जठरात विरघळून त्वचेपर्यंत कशी पोचणार? आतला ऐवज थोडाफार पचतो, कवच विष्ठेतून बाहेर पडते. जीवाश्म विष्ठेतही परागकण सापडतात ते त्यामुळेच. फेरुलिक आम्ल गव्हाच्या कोंड्यातही आहे, पण पोळी खाल्ली म्हणून उन्हात कोणी टोपी काढत नाही. शिवाय परागकणांची ॲलर्जी असलेल्याला ही बाटली महागात पडू शकते: अंगावर गांधी, घसा सुजणे, क्वचित जिवावर बेतणारी ॲनाफिलॅक्सिस.

आता ‘सिद्ध केले’. मूळ काम जानेवारी २०२३ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आले: फेंग लिऊ आणि सहकाऱ्यांचे, दक्षिण तिबेटमधल्या, त्या संहाराच्या काळातल्या खडकांतल्या सुमारे ८०० परागकणांवर. एकेका कणाचा अवरक्त वर्णपट (तो कोणते अवरक्त किरण किती शोषतो त्याचा आलेख) घ्यायचा आणि सेंटिमीटरला सुमारे १५१० तरंगांपाशी याच संयुगांमुळे येणारे ‘ॲरोमॅटिक’ शिखर किती उंच आहे ते पाहायचे. कणांची जाडी सारखी नसते, त्यामुळे नुसती उंची निरुपयोगी; दुसऱ्या शिखराशी गुणोत्तर काढावे लागते. प्रत्येक वनस्पतीची मूळ पातळी वेगळी, म्हणून तुलना एकाच प्रकारच्या कणांची. खडक खोल गाडला जाऊन तापला असेल तर कण पिवळ्याचा तपकिरी होतो आणि रसायनही बदलते. स्वच्छ दिसावेत म्हणून कण नायट्रिक आम्लात टाकले, तर मोजायचे तेच ऑक्सिडीकरणाने बिघडते. एवढे सांभाळून हाती येतो तो चढउतार: त्या जीवसंहाराच्या काळात ही संयुगे वाढली होती, म्हणजे वनस्पतींवर अतिनील-बचा मारा वाढला होता. किती जीव कशाने मेले, याची ही मोजणी नव्हे.

‘भाजून मेले’ हे तर मेसेजकर्त्याचेच. सैबेरियातल्या तेव्हाच्या ज्वालामुखींच्या वायूंनी ओझोन झिजला असावा. पण समुद्रातल्या संहाराची मुख्य कारणे तापलेले पाणी आणि घटलेला प्राणवायू. खोल पाण्यात अतिनील-ब पोचतच नाही. जमिनीवरही परिणाम आडवाटेने होतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ठेंगण्या पाइनवर अतिनील-बचा जबर मारा केला; एकही झाड मेले नाही, पण बिया धरणारे शंकू सुकले, झाडे तेवढ्यापुरती वांझ झाली. वनस्पती ‘वाचल्या’ म्हणणाऱ्याने हे वाचावे.

ओझोनचे छिद्र दरवर्षी लहानमोठे होते, पण एकूण कल भरून येण्याकडे आहे. ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनला घातक वायू घटत आहेत, आणि २०२२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या आढाव्यानुसार सध्याची धोरणे टिकली तर अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल.