आमची टुणटुण

रात्रीचे साडेबारा वाजलेत. गच्चीवरून खाली आले, साडी बदलली, आडवी झाले आणि उठून बसले. हे लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

आज सोसायटीची कोजागिरी होती. भेळ, मसाला दूध आणि मग नेहमीप्रमाणे हौशी गाणी. चौथ्या मजल्यावरची एक मुलगी, असेल दहा-अकरा वर्षांची, माइकपुढे उभी राहिली आणि एक जुनं भावगीत म्हणाली. तालाला पक्की, वरच्या सुरावर जराही न डगमगता. भेळेच्या कागदांची कुरकुरसुद्धा थांबली होती, एवढं सांगते. गाणं संपलं. सूत्रसंचालन करणाऱ्या काकांनी माइक घेतला आणि काय म्हणावं? "वा वा! आमच्या टुणटुणनं काय गोड गायलं बघा!"

टुणटुण म्हणजे जुन्या हिंदी सिनेमातली, जाडेपणावरून हसवणारी नटी. सगळे हसले. पोरगीही हसली. हसता हसता तिनं कुर्ता पोटावरून खाली ओढला आणि दुधाचा पेला न घेताच आईच्या मागे जाऊन बसली. मी चार हातांवर होते. गप्प बसले. त्याचाच राग जास्त येतोय.

तो कुर्ता ओढणं मला ओळखीचं आहे हो. चौथीत होते. गॅदरिंगमध्ये एक गाणं होतं आणि वर्गात माझा आवाज सगळ्यांत चांगला, हे बाईच म्हणायच्या. तालमी झाल्या आणि ऐनवेळी बाईंनी सांगितलं, "गाणं तूच म्हण, पण विंगेतून. पुढे दुसरी मुलगी उभी करू." मी काळ्या पडद्याआड घामाघूम होऊन गायले आणि पुढे परकर-पोलक्यातली एक नाजूक मुलगी ओठ हलवत होती. टाळ्या तिला. मला स्टेज मिळालं ते पुढच्या कार्यक्रमात. म्हातारीच्या गोष्टीतला भोपळा म्हणून. बांबूच्या कामट्यांवर पिवळा क्रेप कागद चिकटवला होता, त्या कामट्या काखेत टोचत होत्या आणि पोरं ओरडत होती, टुणुक टुणुक! दुसऱ्या दिवसापासून टुणुकचं टुणटुण झालं, ते दहावीपर्यंत टिकलं.

बाबांना हे कधी सांगितलं नव्हतं. ते सकाळी रेडिओ सिलोन लावायचे, जुनी गाणी ऐकत दाढी करायचे. एकदा 'अफसाना लिख रही हूँ' लागलं. साधा, मोकळा, जरा जाडसर आवाज. बाबा म्हणाले, "ओळख, कोण गातंय?" मी म्हटलं, नाही येत. म्हणाले, "टुणटुण." मला वाटलं, आता बाबाही चिडवायला लागले. मी रडायलाच लागले. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून त्यांनी मला जवळ घेतलं आणि सगळं सांगितलं.

तिचं नाव उमादेवी. १९२३ चा जन्म, उत्तर प्रदेशात अमरोह्याच्या बाजूची. आईबाप लहानपणीच गेले, भाऊही गेला. नातेवाइकांच्या घरी राब राब राबली आणि रेडिओ ऐकून ऐकून गाणं शिकली. गुरू नाही, तालीम नाही. मग घरातून पळाली ती थेट मुंबईला. संगीतकार नौशाद यांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली म्हणे, मला गायला द्या, नाहीतर समुद्रात उडी घेते. १९४७ च्या 'दर्द'मध्ये त्यांनी तिला गायला दिलं. त्याच सिनेमात तेव्हाची मोठी गायिका-नायिका सुरैया, तिच्याबरोबरही गायली. सुरैयाबरोबर! आणि 'अफसाना' पडद्यावर कुणाच्या तोंडी? नायिका मुनव्वर सुलतानाच्या. आवाज हिचा, चेहरा दुसरीचा. हे ऐकलं तेव्हा चौथीतली मी पुन्हा त्या काळ्या पडद्याआड जाऊन उभी राहिले. पण पहिल्यांदाच तिथं एकटी नव्हते.

पुढे 'अनोखी अदा', मद्रासचा 'चंद्रलेखा'. मग गाणी आटली. मान्य आहे, ती जाडीमुळे नाही आटली. लताबाई आल्या, गाण्याची चालच बदलली, आणि बिनतालमीच्या गळ्याला तेवढी झेप नव्हती. बरं. संसार होता, पोरं होती, पैसा हवा होता. नौशादनीच सुचवलं, तुझं बोलणं मजेशीर आहे, सिनेमात काम कर. तिची अट काय, तर पहिलं काम दिलीपकुमारबरोबरच! १९५० च्या 'बाबुल'मध्ये ते झालंही. टुणटुण हे नाव दिलीपकुमारनंच दिलं असं सांगतात.

आणि मग दोनशेच्या आसपास सिनेमे. दिग्दर्शक गुरुदत्तनं तिला 'आर पार', 'मिस्टर अँड मिसेस ५५', 'प्यासा'मध्ये घेतलं, आणि तो काही कुणालाही उचलून घेणारा माणूस नव्हता. 'प्यासा'त तिचं काम किती, दोन मिनिटांचं. पण कॉलेजच्या समारंभात जुन्या ओळखीनं गुरुदत्तच्या गळ्यात पडते तेव्हा एवढ्या उदास सिनेमातही माणूस हसतो. मान वाकडी करून लाजणं, समोरचा बोलायच्या आत आवाज चढवणं, मग एकदम पडेल चेहरा. हे वजनानं होत नाही. वजन तर माझंही होतं. ते टायमिंग आहे, आणि ते गाणाऱ्या माणसाला येतं, कारण सम कुठं पडते हे त्याला कळतं. जॉनी वॉकरला आपण कलाकार म्हणतो, मेहमूदला म्हणतो, भगवानदादांना तर डोक्यावर घेतो. हिला काय म्हणतो? जाडी.

इंडस्ट्रीनं काय केलं तेही लिहिते. ती आली की खाट मोडायची. ती प्रेमात पडली की नायकाचा मित्र पळून जायचा. वर्षानुवर्षं एकच विनोद. कुणालाही वाटलं नाही की या बाईला एक आख्खी भूमिका लिहावी. हो, ठाऊक आहे, तिनं स्वतःहून ही कामं केली, हसत केली, घर चालवलं त्यावर. केलंच. पण आपण काय केलं? तिचं नाव उचललं आणि देशातल्या प्रत्येक जाड मुलीच्या पाठीला चिकटवलं. जाड मुलाला आपण पहिलवान म्हणतो. मुलगी मात्र टुणटुण.

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहीलच, काका प्रेमानं म्हणाले. हो, प्रेमानंच. रात्री दोनला कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तरी गाडी काढणारा माणूस आहे तो. माझ्या बाईही प्रेमानंच म्हणाल्या होत्या. कामट्या टोचायच्या त्या टोचल्याच ना?

२४ नोव्हेंबर २००३ ला ती याच मुंबईत गेली. ऐंशी वर्षांची होऊन. बातम्यांमध्ये टुणटुण गेली असंच होतं. बाबांनी फोन केला आणि म्हणाले, "उमादेवी गेली गं." एवढंच. मग दोघंही जरा वेळ फोन धरून बसलो.

एक सांगायचं राहिलं. खाली येताना लिफ्टमध्ये ती मुलगी आणि तिची आई भेटल्या. मी काही न बोलता मोबाइलवर 'अफसाना' लावलं. चौथा मजला आला, आई बाहेर पडली, पण ही दारात पाय लावून उभी. लिफ्ट टुंटुं वाजायला लागली तरी हलेना. गाणं संपल्यावर म्हणाली, "मावशी, ही कोण?"

"उमादेवी," म्हटलं. दुसरं नाव ओठांवर आलं होतं, पण नाही घेतलं. बाबांसारखं तिला जवळ घेऊन सांगायला हवं ते, लिफ्टच्या दारात नाही.

"हिची अजून आहेत?"

"आहेत. उद्या ये संध्याकाळी."

येते म्हणाली. 'चंद्रलेखा'तली शोधून ठेवतेय आत्ता. आणि मसाला दूध उरलंय पातेलंभर, ते फ्रीजमध्ये ठेवलंय.