चवथीला आलेल्या मुलीची जात कशी काढावी

चवथ आली की मुंबईहून गाड्या भरभरून चाकरमानी येतात, गणपतीवरच्या माटवीला नारळ, कवंडाळं, आंब्याचे टाळ लागतात, आणि भजनाची बारी बसायच्या आधी घरात एखादा तरी चेहरा असा निघतो की तो कुठल्या खणात टाकावा हे जमलेल्या मंडळींना कळत नाही. यंदा तो चेहरा माझ्या लेकीचा होता. तशी ती जन्मापासून दर चवथीला मालवणजवळच्या माझ्या माहेरी येते. पण लहान मूल नुसतं मूल असतं. जात त्याला विसाव्या वर्षी फुटते, अक्कलदाढेसारखी, आणि दुखते मात्र शेजाऱ्यांना.

मी माहेरची भंडारी. नवरा सावंतवाडीकडचा ख्रिश्चन, पूर्वज गोव्यातल्या बार्देशातून इकडे आलेले. लग्न 2001 साली, रजिस्टर. म्हणजे या विषयातले सगळे प्रश्न मला आरतीसारखे पाठ आहेत. पुढच्या वर्षी ज्यांना ते विचारायचे असतील त्यांची ऐन वेळी धांदल होऊ नये म्हणून रीतसर लिहून ठेवते.

सुरुवात आडनावानं करावी. कोकणात इथेच पंचाईत होते, कारण अर्धा मुलूख ‘कर’. आचरेकर, देवगडकर, वेंगुर्लेकर: गाव कळतं, हवं ते कळत नाही. मग "मूळचे खंयचे?" विचारावं. त्यातून गावच निघालं तर "वाडी कुठली?" वाडी कळली की काम झालं. आपल्याकडे वाड्या उगाच पाडलेल्या नाहीत. माझ्या लेकीच्या बाबतीत मात्र ही रीत अडते. नाव अस्सल मराठी, आडनाव फर्नांडिस. अशा वेळी आधी कपाळ पाहावं, मग गळा पाहावा, आणि मग शेजारच्या बाईला कुजबुजत विचारावं. कुजबूज मुलीला ऐकू जाईल एवढी मोठी हवी.

पुढची पायरी सहानुभूतीची. जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणावं, "मूळचे आपलेच हो हे, पोर्तुगीजांनी बाटवले." माझ्या नवऱ्यानं हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की तो आता "हो, मी त्या दिवशी घरी नव्हतो" म्हणतो आणि पुढचा वडा उचलतो.

त्याच्या बाजूची मंडळी कमी आहेत असं समजू नये. लग्नाआधी सासरच्या एका थोरल्या बाईंनी मला आत नेऊन हळूच सांगितलं, "आम्ही कोण ते ठाऊक आहे ना? चार्डो." मला वाटलं नाताळाचा काहीतरी पदार्थ असेल. मग समजलं: बामण, चार्डो, सुदीर. देवळातले देव मागे राहिले, पण जातीचं गाठोडं चर्चच्या पायरीपर्यंत सुखरूप पोचलं. त्या गाठोड्यात भंडाऱ्यांची पोर कुठे कोंबायची यावर त्यांच्याकडे महिनाभर खल चालला होता. आमच्याकडेही त्याच महिन्यात त्याच विषयावर चालला होता. दोन्ही घरांत इतकं एकमत पुढे कधी झालं नाही.

रजिस्टर लग्न असेल तर नोटीस वाचायला जरूर जावं. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची सोयच करून ठेवलीय. मुलामुलीची नावं, वयं, पत्ते, सगळं कचेरीत लावलेलं असतं. आमच्या वेळी गावातले दोघे एसटीनं खास तेवढ्यासाठी गेले होते. एकानं हरकत घ्यायची म्हणून बाह्या सरसावल्या. कारकुनानं विचारलं, आधीचं लग्न झालंय? वय कमी आहे? वेड आहे? वर्ज्य नात्यातले आहेत? नाही? मग जा. जात हे कारण त्या कायद्यात घालायचं राहूनच गेलंय. तिकिटाचे पैसे फुकट गेले म्हणून तो गृहस्थ माझ्यावर पुढे कित्येक वर्षं नाराज होता.

"सरकारकडून आंतरजातीय लग्नाचे 50,000 मिळाले असतील ना?" हे विचारावंच, आणि ती योजना कोणासाठी आहे हे चुकूनही वाचू नये.

"मुलांचं कसं होणार?" हे विचारताना उसासा सोडावा. मुलं समोर बसलेली असतील तर दोन.

आता मुख्य कामाकडे येऊ. मूळ. प्रश्नाचा सगळा जोर मुळावर असतो, आणि कोकणात मूळ शोधायचं तर पहिला नियम असा की समुद्राकडे पाठ करून बसावं. नाहीतर होड्या दिसतात.

चिपळूणजवळ परशुरामाचं देऊळ आहे. तिथली कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली असते: समुद्रातून चौदा प्रेतं वाहत आली, परशुरामानं ती चितेवर शुद्ध करून उठवली आणि त्यांचे चित्पावन झाले. आता थोडं वर, अलिबागजवळ नवगावला जा. तिथे बेने इस्रायल सांगतात की आमचं जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बाया किनाऱ्याला लागल्या. सात आणि सात किती होतात ते मोजू नये, डोकं फिरतं. हे दुसरे चौदा तेल गाळायला लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं, आणि बघता बघता ते पेणकर, रोहेकर, किहीमकर झाले. घरात मराठी, अंगावर नऊवारी.

इथे कोणालाही वाटेल, चला, मिसळले बिचारे. पण पुढचं ऐका. त्यांनीही आपल्यात दोन भाग केले. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल. काळे म्हणजे ज्यांच्या घरात कधीतरी इथली बाई आली असं मानलं गेलं ते. काळ्यांशी सोयरीक नाही. मग पुढे हेच लोक इस्रायलला गेले, आणि 1962 साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं की यांची लग्नं लावण्याआधी यांच्या आज्या-पणज्या तपासा, हे नक्की यहुदी आहेत का ते बघा! गोरे काय नि काळे काय, सगळे एका रांगेत. लोक रस्त्यावर उतरले, आणि 1964 साली तिथल्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं की हे पूर्ण यहुदी आहेत. म्हणजे असले प्रश्न विचारणारे आमचे चवथीतले काका सगळ्या जगात आहेत, फक्त टोपी वेगळी.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत जा. पोर्तुगीजांनी चौल सोडलं 1740 साली. पण शिपायांनी इथल्या बायकांशी लग्नं केली होती, त्यांची पोरंबाळं राहिली, आणि त्यांची मराठीत कालवलेली पोर्तुगीज आजही त्या गावात बोलतात. ‘नो लिंग’ म्हणतात तिला, आपली भाषा. त्याच्या खाली जंजिरा. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी तिथे 1948 पर्यंत राज्य केलं. दाभोळ बंदरात अरब व्यापारी उतरायचे, त्यांनी इथेच घरं केली असं कोकणी मुसलमान स्वतः सांगतात, आणि त्यांच्यात देशमुख आहेत, मुकादम आहेत, मिरजोळीचे दलवाईही आहेत. रत्नागिरीचा थिबा पॅलेस बघायला सहल घेऊन जाता ना? ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी तिथे आणून ठेवलं, 1916 साली तो तिथेच गेला. त्याच्या थोरल्या मुलीला वाड्यावरच्या मराठी नोकरापासून मुलगी झाली. टुटू. राजाची नात रत्नागिरीत मराठी बोलत मोठी झाली, पवारांच्या घरात पडली, गरिबीत संसार केला. विचारा आता तिच्या नातवंडांना, "मूळचे खंयचे?"

आणि लांब कशाला जा. आमच्या भंडाऱ्यांतच हेटकरी वेगळे, कित्ते वेगळे. माझ्या आजीला कित्त्यांची सून म्हणजे परजातीची. "आपल्यातली नाय ती," असं तिनं मला स्वतः सांगितलंय. आज मंडळाच्या वधू-वर मेळाव्यात दोघांचे फोटो एका फळीवर लागतात आणि स्टेजवरून ‘समाजाची एकजूट’ वगैरे भाषणं होतात. पन्नास वर्षांपूर्वी जे बाहेरचं होतं ते आज आपलं आहे. मग हा जो मूळ-मूळ म्हणून घोष चाललाय, ते मूळ कुठल्या सालापासून धरायचं? आजीच्या? पणजीच्या? का जहाज फुटलं त्या दिवसापासून? एक तारीख ठरवा आणि लिहून द्या. सरकारनं तरी ठरवून टाकलीय. ओबीसी दाखल्याच्या पडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तोही बापाच्या बाजूचा. आमच्याकडे माझ्या आजोबांचा शाळेतला दाखला आहे, वाळवीनं खाल्लेला पण जात शाबूत. लेकीला त्याचा उपयोग शून्य.

यावर गावातून सल्ले येतात ते बघण्यासारखे. ज्यांच्या लेखी ती देवाच्या खोलीत ‘आपली’ नसते, तेच ओसरीवर येऊन म्हणतात, "आईचीच लावून टाक गो, कॉलेजात फायदा होईल." देवाजवळ बापाची, फीच्या खिडकीजवळ आईची. एवढी लवचीक जात मी तरी पाहिली नाही.

2027 च्या जनगणनेत जात विचारणार आहेत, 1931 नंतर प्रथमच सगळ्यांची. लेक म्हणते, मी प्रगणकाला चहा करून देईन आणि म्हणेन, बसा, वेळ लागेल.

असो. राहिलेल्या सूचना: तिच्या डब्यात काय असतं ते विचारावं. ती मोदक खाते का ते विचारावं (खाते, नऊ). ईस्टरला अंडी कोण रंगवतं ते विचारावं. लग्न कुठल्या पद्धतीनं करणार, ते तिनं कॉलेजचं दुसरं वर्ष पार करण्याआधी विचारावं. मेल्यावर जाळणार का पुरणार, हे तिच्या बापाला विचारावं, शक्यतो जेवताना.

आणि सर्वात शेवटी, सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारावं, यंदा विचारलं तसं. "काय गो चेडवा, तू नक्की कोण? आवशीची जात लावतंस काय बापाशीची?"

"दोघांचीय, काका," ती म्हणाली. हसून म्हणाली.

"तसा चलना नाय. एक कायतरी होया."

भजनवाले पेटी जुळवत होते, ते थांबले. इथपर्यंत मी सहन केलं असतं. पंचवीस वर्षं केलंय. मी हा लेखही लिहिला नसता. पण आरती झाली होती, तिच्या हातात पंचखाजाचं ताट होतं, आणि हे गृहस्थ प्रसादाला हात पुढे करून बसलेले होते. पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. धोतराला पुसला. आणि मागून माझ्या भावाचा मुलगा दुसरं ताट घेऊन येत होता, त्याच्या ताटातलं घेतलं.

माझी वीस वर्षांची मुलगी, जिनं पहाटे चारला उठून तो नारळ खवला होता, ती ताट घेऊन पुढच्या माणसाकडे गेली. सगळ्यांना वाटून झाल्यावर मागच्या पडवीत जाऊन बसली. मी गेले तर म्हणाली, "काही नाही गं, पाय दुखतायत." एकानंही, त्या भरलेल्या ओसरीतल्या एकाही माणसानं तोंड उघडलं नाही. माझ्या भावानंही नाही. त्यानं नंतर मला सांगितलं, "म्हातारो माणूस, सोड." म्हातारा आहे म्हणून काय? सत्तर वर्षं चवथ करून जर एवढंही कळलं नसेल की देवापुढचं ताट कोणाच्या हातात आहे यानं त्यातलं खोबरं बदलत नाही, तर तुमच्या वयाचं मी काय लोणचं घालू?

आणि तुम्हीही, जे पेटी जुळवत होतात. वर्गणी घेताना याच मुलीच्या बापाच्या दारात तुम्ही सावंतवाडीपर्यंत आला होतात. पावती फाडताना तेव्हा कोणी विचारलं नाही मूळचे खंयचे. माझ्या भावजयीचं बाळंतपण अडलं तेव्हा रात्री दोनला रक्त द्यायला तो गेला होता, तेव्हाही नाही. ताट वाटणारा भाचा त्याच बाळंतपणातला. हे त्या ओसरीत बसलेल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं आणि तुम्ही टाळांच्या दोऱ्या सोडवत बसलात.

काका, हे तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवेलच. पुढच्या चवथीला ती येणार आहे. मी विचारलं, ती येते म्हणाली. पंचखाजं तीच वाटणार, भावाशी माझं तसं बोलणं झालंय, आणि दुसरं ताट तेव्हा निघणार नाही. तिच्या हातचं नको असेल तर खुशाल मागे बसा. पण पुढे केलेला हात परत मागे घ्याल, तर मी सगळ्यांसमोर तुमचं नाव घेऊन विचारेन.