सात पुटांची आमसुले

पुण्याच्या आमच्या घरात दरवर्षी जून महिन्यात आमसुलांची एक बरणी येत असे. ती गावाहून, कुणाच्या तरी हाती, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणि वर सुतळीने आवळून येई, आणि वर्षभर आमटीत, सारात व सोलकढीत मुरून संपून जाई. ती तयार कशी होते, याची चौकशी करावी असे मला वयाच्या त्रेचाळीस वर्षांपर्यंत कधी वाटले नव्हते. २०२५च्या मे महिन्यात मात्र मला पंधरा दिवसांची रजा मिळाली, आणि ‘यंदा कुठे थंड हवेच्या ठिकाणी वगैरे जायचे नाही, गावच्या घरी राहून साधेसुधे, घरगुती आयुष्य जगायचे’ असा निश्चय मी चारचौघांत बोलून दाखवला. या चारचौघांत माझी बायको होती, आणि तिने तो निश्चय त्याच रात्री काकीला फोनवरून कळवला.

‘बरां झालां,’ एवढेच काकी म्हणाली. तिच्या आवाजात पुतण्या येणार याचा आनंद होता, असे मला त्या वेळी वाटले. तो आनंद दोन हात येणार याचा होता, हे गावी पोहोचल्यावर उलगडले.

आमचे घर कणकवली तालुक्यात आहे. चिऱ्याच्या भिंती, पुढे सारवलेले खळे, बाजूला आंब्याची बारा-पंधरा कलमे आणि मागीलदारी, न्हाणीघराचे पाणी जिथे जाते त्या उतारावर, कोकमाची सात झाडे. झाडे कुठे उभी आहेत यावरूनच घरातली त्यांची पायरी कळते. हापूसची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी व्यापारी येतो, पेट्या येतात, गवत येते, आणि एका डागी फळावरून दोन सुशिक्षित माणसे तासभर घासाघीस करतात. कोकमाकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी मी काकीला मोठ्या अभिमानाने सांगितली, तेव्हा तिने, ‘मगे ता येवन सोलां सुकवतला काय?’ असे विचारले. या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

सातबाऱ्यावर या जमिनीची एकवीस नावे आहेत. आमसुलांचे वाटप व्हायचे असते तेव्हा ही एकवीस नावे, आपापल्या आडनावांनिशी आणि पिशव्यांनिशी, हजर असतात. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडायच्या दिवशी मात्र काकी, शेजारची एक म्हातारी आणि मी, असे तिघेच हिस्सेदार उरलो होतो, आणि त्यातल्या म्हातारीचे नाव सातबाऱ्यावर नव्हते.

११ मे रोजी सकाळी मी रात्रीच्या बसमधून उतरलो, चहा घेतला, अंगणातल्या आरामखुर्चीवर पाय पसरले आणि पिशवीतून एक पुस्तक काढले. पुस्तकाचे तिसरे पान मी आजतागायत वाचलेले नाही. काकीने माझ्यासमोर दोन हारे भरून रातांबे आणून ओतले, पायाशी सुरी ठेवली आणि म्हणाली, ‘इतकी वर्सां खाल्लंस, आता काढूक शिक. बसान करूचां काम आसा, तुझ्या ऑफिसासारख्यां.’

रातांबा हे फळ दिसायला फार गोजिरवाणे असते. लिंबाएवढे, गडद लाल, हाताला थंड. त्याच्या मध्यावर सुरी फिरवली की दोन वाट्या होतात आणि आत पाच-सहा बिया पांढुरक्या, गुलाबी छटेच्या गराला बिलगून बसलेल्या दिसतात. हा गर अंगठ्याने उपसून मडक्यात टाकायचा आणि वाटी सुपात टाकायची. पहिली दहा फळे फोडताना मला ध्यानधारणेचा अनुभव आला. विसाव्या फळाला मान भरून आली. चाळिसाव्या फळाला, आदल्या दिवशी पुण्यात नख कापताना अंगठ्याला झालेल्या एका जखमेची मला आठवण झाली. ती जखम इतकी बारीक होती की ती आहे हे मलाही ठाऊक नव्हते. पण रातांब्याचा आंबट रस तिच्यापर्यंत अचूक पोहोचला. अधूनमधून म्हातारीने आग्रह करून गर खायला लावला आणि मीही लोभाने खात गेलो. दुपारी जेवायला बसलो तेव्हा दात इतके आंबले होते की मऊ भातसुद्धा चावता येईना.

संध्याकाळी मी साबणाने हात धुतले. बोटांवरचा तो लालभडक रंग साबण लागताच निळसर, मग काळपट होऊ लागला, आणि आपल्याला काहीतरी भयंकर झाले आहे या समजुतीने मी ओरडलो. काकीने शांतपणे एका रातांब्याची वाटी माझ्या हातावर चोळली, तेव्हा बोटे पुन्हा लाल झाली. आम्लात लाल आणि साबणाच्या क्षारात निळा होणारा हा रंग मी शाळेत लिटमसच्या कागदावर पाहिला होता, पण तो परीक्षेपुरता होता. हा मात्र पुढे तीन आठवडे माझ्या नखांत राहिला.

पण खरे काम अजून सुरू व्हायचे होते. रातांबे फोडून वाळवले की आमसुले झाली, ही माझी समजूत काकीने हसण्यावारी नेली. फोडलेल्या वाट्या आधी उन्हात पसरायच्या. मडक्यातल्या गराला मीठ लावून ठेवायचे, म्हणजे त्याला रस सुटतो. उन्हातून काढलेल्या वाट्या संध्याकाळी या रसात बुडवायच्या, चांगल्या चोळायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात घालायच्या. याला पुट देणे म्हणतात. एक पुट दिले की वाट्या थोड्या काळवंडतात, थोड्या आकसतात. अशी सात पुटे द्यायची, आणि तोवर रोज कडकडीत ऊन असलेच पाहिजे. एखाद्या सरकारी फाइलीला सात टेबलांवरून जावे लागते तसाच हा प्रकार होता. फरक इतकाच, की फाइल उन्हात ठेवावी लागत नाही आणि तिच्यावर कोंबड्या नाचत नाहीत.

पहिल्या पुटाच्या वेळी माझ्या हातून अपराध घडला. खळ्यात जागा अपुरी पडली म्हणून मी माळ्यावरची अॅल्युमिनियमची दोन मोठी ताटे काढली आणि रसात भिजलेल्या वाट्या त्यांत नीट, ओळीने मांडल्या. काकीने ते पाहिले आणि तिचा आवाज शेजारच्या वाडीपर्यंत गेला. ‘मेल्या, अॅल्युमिनियमच्या ताटात आंबट घालतंस? ह्यां तुका कोणी शिकवल्यान?’ कुणीच शिकवले नव्हते, ही माझी खरी अडचण होती. कोकमाचा रस धातू खातो, म्हणून त्याला मडके, सूप किंवा चटई असेच काहीतरी लागते. मग दोन्ही ताटांतल्या सगळ्या वाट्या एकेक उचलून चटईवर मांडण्याची शिक्षा मी भर दुपारी भोगली.

त्यानंतर मला राखणदाराच्या पदावर बढती मिळाली. हातात काठी, डोक्यावर पंचा आणि समोर तीन चटया. कावळे माझ्याकडे पाहून जराही विचलित होत नसत. कोंबड्या बाजूने येत, कुत्रे मध्येच येऊन नेमके त्या चटयांवर ताणून देई. पण सर्वांत मोठा प्रसंग चौथ्या दिवशी घडला, जेव्हा आंब्याच्या कलमावरून एक भलामोठा वानर खाली उतरला, माझ्या काठीकडे दुर्लक्ष करून चटईपाशी बसला आणि त्याने तीन पुटे झालेले एक आमसूल उचलून तोंडात टाकले. पुढच्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले, ते मी अनेक शहरी पाहुण्यांच्या चेहऱ्यावर सोलकढीचा पहिला घोट घेताना पाहिलेले आहेत. त्याने आमसूल माझ्या दिशेने थुंकले आणि पुन्हा म्हणून तो आमच्या खळ्यात आला नाही.

या सगळ्या कष्टांत रोज दुपारी साडेतीनला एक सुख मिळत असे, आणि ते मी प्रामाणिकपणे नोंदवतो. काकी मडक्यातला थोडा रस तांब्यात घेई, त्यात पाणी, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि ठेचलेली हिरवी मिरची घाली आणि पितळी पेल्यात ओतून माझ्यापुढे ठेवी. हे तिवळ. विहिरीच्या पाण्याचा गारवा, मागून जिऱ्याचा वास, घशाशी किंचित मिरची, आणि रंग असा की पेल्यात संध्याकाळ उतरली आहे. तो पेला मला पाच मिनिटे पुरे. त्या पाच मिनिटांत मी पुण्यातला फ्लॅट विकून कायमचा गावी येऊन राहण्याचा बेत रोज करत असे, आणि सहाव्या मिनिटाला काकी म्हणे, ‘सोलां परत.’ परतणे म्हणजे प्रत्येक आमसूल उलटे करणे. ती दोन हजारांहून अधिक होती. मी एकदा मोजली आहेत.

संध्याकाळी जरा वेळ मिळे तेव्हा काकी मला मागीलदारची झाडे दाखवी. सातांपैकी चारच फळे धरतात. उरलेली तीन नर आहेत. कोकमाचे नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते, आणि बी लावून वाढवलेले रोप यांपैकी कोणते, हे त्याला फुले येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षे, कुणालाही सांगता येत नाही. १९७२ साली दापोलीला कृषी विद्यापीठ झाले, आणि पुढे तिथून कोकण अमृता, कोकण हातीस अशा जातीही निघाल्या; कलम लावले म्हणजे ही लॉटरी टळते. पण काका कलमे विकत घेण्याच्या विरुद्ध होते. त्यांनी स्वतःच्या हाताने तीन रोपे लावली, सात वर्षे घागरी वाहून घातल्या, आणि तिन्ही नर निघाली. तरीही त्यांनी ती तोडली नाहीत. शेवटपर्यंत ते त्या तिघांच्या सावलीत खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘ही माझी झाडे’ म्हणून सांगत.

१९ मे रोजी सहावे पुट झाले. आमसुले आता जांभळट काळी, चिवट आणि कडेने किंचित चमकणारी झाली होती, आणि मला त्यांच्याविषयी चक्क माया वाटू लागली होती. एकच पुट उरले होते. मोबाइलवरील हवामानाच्या अॅपने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऊन दाखवले होते, म्हणून मी निर्धास्तपणे चटया पसरून आंघोळीला गेलो. डोक्याला साबण लावला असतानाच काकीची हाक आली: ‘वारो फिरलो मेल्या, सोलां उचल!’ मी पंचा गुंडाळून धावलो, तोवर मळभाने निम्मे आकाश गिळले होते. काकीने एक चटई, म्हातारीने दुसरी आणि मी, डोळ्यांत साबण जात असताना, तिसरी चटई अशी उचलली की तिच्यातली निम्मी आमसुले खळ्यात सांडली. ती मी चिखल होण्याच्या आत गुडघ्यांवर बसून वेचली. पंच्याचे काय झाले, हे सांगण्याची या ठिकाणी आवश्यकता नाही. म्हातारीने पाठ फिरवण्याचे सौजन्य दाखवले होते.

तो पाऊस थांबलाच नाही. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मोसमी पाऊस त्या वर्षी २५ मे रोजीच महाराष्ट्रात दाखल झाला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईतही पोहोचला. इतक्या लवकर तो यावा याचे हवामानतज्ज्ञांना आश्चर्य वाटले असेल, मला तो केवळ माझ्या सातव्या पुटासाठीच आल्यासारखा वाटला. आमसुलांचा मुक्काम मग घरात हलला. माजघरातल्या लाकडी पलंगावर, जो माझा होता, चटया अंथरल्या गेल्या. घरात उभा पंखा एकच होता, तो पलंगापाशी लावण्यात आला. चुलीवरच्या आढ्याला दोन सुपे टांगली गेली. मी पडवीत घोंगडीवर झोपलो आणि रात्रभर डास मारत आतून येणारा पंख्याचा आवाज ऐकत राहिलो. वीज गेली की काकी अंधारातून विचारी, ‘सोलां घामेजली काय रे?’ मीही घामेजलो होतो, पण त्याची विचारणा झाली नाही.

तरी काही आमसुलांना बुरशी आलीच. काकीने ती डोळ्यांजवळ धरून, वास घेऊन, एकेक निवडून बाजूला काढली. चांगली निघालेली आमसुले मीठ घालून बरणीत दाबून भरली, आणि दोन हारे रातांबे, पंधरा दिवस, तीन माणसे व एका पंच्याची अब्रू यांतून तयार झालेला ऐवज एका बरणीत आणि वर उरलेल्या दोन मुठींत मावला. बियांचे काकी मुटेल काढणार होती. हे कोकमाचे तेल थंडीत मेणासारखे घट्ट असते आणि तळहाताच्या उबेने वितळू लागते. माझ्या टाचांची अवस्था पाहून तिने त्याचा एक गोळा मला आधीच बांधून दिला होता.

पुण्याला परतल्यावर शेजारच्या गृहस्थांनी आमसुले पाहिली आणि ‘चार-पाच द्या की, आमटीत टाकायला’ असे सहज म्हटले. मी बरणी उघडली आणि चार आमसुले मोजून दिली. ‘पाच’ हा शब्द ऐकला नाही असे दाखवले. बायकोने मला स्वयंपाकघरात नेऊन विचारले की हे काय वागणे झाले. तिला मी बरणीतले एक आमसूल काढून दाखवले, ज्याच्या कडेला बारीकशी दातांची खूण होती. वानराने थुंकलेले ते हेच, असा माझा अंदाज होता. धुऊन, पुढची पुटे देऊन आणि सर्वांचा डोळा चुकवून मी ते बरणीत टाकले होते. चार दिवसांच्या मेहनतीचे फळ असे फेकून कसे द्यायचे? बायकोने त्या दिवशी आमटीत चिंच घातली.

जुलैच्या शेवटी काकीचा फोन आला. मी मागीलदारी फेकलेल्या बियांपैकी चार रुजल्या होत्या आणि ती रोपे तिने उतारावर, काकांच्या झाडांच्या शेजारी, माझ्या नावाने लावली होती.

‘पण ती नर की मादी, ते कसे कळायचे?’ मी विचारले.

‘सात वर्सांनी,’ काकी म्हणाली. ‘बायल झाड निघालां तर सोलां काढूक ये. दादलो निघालो तर सावलेक बसाक ये.’