आंदोलित गंधार

देवगडात ‘माझ्याकडे चार पेट्या आहेत’ असं म्हणायची सोय नाही. ऐकणारा लगेच भाव विचारतो. तो भजनी मंडळातला असला तर ‘सूर कुठला, काळी चार?’ असं विचारतो. माझ्या पेट्यांत हापूसही नाही आणि हार्मोनियमही नाही. रेकॉर्डी आहेत. आंब्याच्याच लाकडी पेट्या, फक्त बारा इंची एलपी उभी राहावी म्हणून सुताराकडून वाढीव मापाच्या करून घेतलेल्या. माप ऐकून सुतार म्हणाला होता, “एवढो मोठो आंबो खयचो रे?”

आमचा चौघांचा कंपू आहे. हायस्कूलमधून निवृत्त झालेले मास्तर, गुरांचे डॉक्टर, कणकवलीहून एसटीने येणारे एक बँकवाले आणि पन्नास कलमांचा धनी असलेला मी. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, प्रत्येकाने आपली लाडकी रेकॉर्ड आणायची आणि बाकीच्यांनी ती ऐकायची, एवढाच ठराव होता. पहिली चार वर्षं एकही बाजू शेवटपर्यंत वाजली नाही.

कारण रेकॉर्ड आधी तपासायची असते. मास्तर ती दोन तळव्यांत कडेने धरतात, तिरकी करतात आणि लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला बारीक नंबर टॉर्च मारून वाचतात. डॉक्टर बैलाचे दात बघतात ना, तस्संच. त्यावरून म्हणे रेकॉर्डचं वय कळतं. कव्हरवरचा नंबर वेगळा. तो ईसीएलपीने सुरू झाला तर मोनो, ईसीएसडीने सुरू झाला तर स्टिरिओ. हे पाठ नसेल तर आमच्यात चहा उशिरा मिळतो.

वादाचं मूळ साच्यात आहे. रेकॉर्ड धातूच्या साच्याखाली दाबून काढतात आणि साचा झिजत जातो. आमच्याकडे गणपतीच्या शाळेत हे कुणालाही कळेल. साचा नवा असताना निघालेल्या मूर्तीची सोंड रेखीव, जुना झाल्यावर निघालेल्याचं बोट कुठलं आणि मोदक कुठला ते विचारावं लागतं. म्हणून पहिल्या खेपेची रेकॉर्ड चांगली. इथवर आमचं एकमत आहे. पुढे बँकवाले विलायती प्रेसिंगच्या बाजूने आणि मास्तर कलकत्त्याजवळच्या दमदमच्या बाजूने. तिथला कारखाना 1928 सालचा, म्हणजे मास्तरांपेक्षाही जुना, त्यामुळे मास्तर त्याच्याबद्दल आदराने बोलतात. बँकवाल्यांनी ‘आपल्या गौहरजानचं 1902 सालचं ध्वनिमुद्रण कलकत्त्यात झालं, पण रेकॉर्ड छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला धाडावं लागलं’ हा हुकमी पत्ता टाकला की मास्तर ‘तेव्हा इथे कारखाना नव्हता, असता तर बघितलं असतं’ असं उत्तर देतात. एकच गाणं दोन प्रतींवर आलटून पालटून, प्रत्येकी चाळीस सेकंद. भजनाच्या डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात, पण ते निदान एकमेकांना कडवं तरी संपवू देतात.

डॉक्टर या वादात पडत नाहीत. त्यांनी एकदा आजोबांची 78ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी, रेकॉर्ड स्वच्छ पुसून आणली होती. दवाखान्यात सर्जिकल स्पिरिट मुबलक, तेच कापसाला लावून त्यांनी हलक्या हाताने पुसलं. कापूस काळा झाला, त्यांना वाटलं मळ निघतोय. आणखी पुसलं. निघत होती ती लाख. जुन्या 78च्या रेकॉर्डींत लाख असते आणि सुतार चपडा, म्हणजे तीच लाख, स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतो, हे त्यांना नंतर कपाट करायला आलेल्या सुताराने सांगितलं. आजोबांच्या त्या तीन मिनिटांतली दीड मिनिटं कापसाला गेली. तेव्हापासून डॉक्टर फक्त ऐकतात आणि घड्याळ बघतात.

आता माझं. कोकणात रेकॉर्डीचा खरा वैरी पाऊस. तीन हजार मिलिमीटर पाणी पडतं तिथे चपलेला बुरशी येते, देवाच्या फोटोला येते, मग कव्हरच्या कागदाला का सोडेल? बुरशी न लागणारी एकच रेकॉर्ड मला ठाऊक आहे, आमच्या शेजारच्या गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी. 1977 साली ती व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, मिनिटाला 16⅔ फेरे. मी हे सांगितलं तेव्हा आमचे बँकवाले थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “यानं दोन आहेत ना? मग दोन प्रतींत फरक असणारच.”

तर मे महिना. मुंबईला बहिणीकडे आंबा पाठवायचा म्हणून आईला पेटी हवी होती. मी कणकवलीला खताच्या कामाला गेलेला. तिने सगळ्यांत मोठी पेटी उघडली, आत काळ्या ताटल्या आणि त्यांच्यावर गेल्या पावसाळ्यातले पांढरे ठिपके. माझी आई ठिपके बघून गप्प बसणाऱ्यांतली नाही. तिने त्या ओल्या फडक्याने पुसल्या आणि अंगणात चटईवर, आमसुलांच्या शेजारी, वाळत घातल्या.

संध्याकाळी मी फाटकातून आत आलो तेव्हा मला लांबून वाटलं, यंदा आंबापोळी करपली.

तीन वाचल्या, त्या माडाच्या सावलीत होत्या. चौथी माझी सर्वांत लाडकी, एका थोर गवयाचा यमन. नाव सांगत नाही, कारण त्यांच्या गळ्याचा यात काही दोष नाही. एलपी पीव्हीसीची, म्हणजे कलमांना पाणी नेणाऱ्या आमच्या पाइपाचीच चुलत बहीण, आणि मेच्या उन्हात पाइपाचं काय होतं ते मला नव्याने कुणी शिकवायला नको. तव्यावरून उतरलेल्या आंबोळीसारख्या तिच्या कडा वर आल्या होत्या. मी ती दोन काचांमध्ये ठेवून वर पाटा ठेवला, आठ दिवस. फोंडाघाट गेला, गतिरोधक राहिला.

आणि नवव्या दिवशी बैठक माझ्याकडे. मास्तरांनी आल्या आल्या यमन मागितला.

“नंबर नंतर बघू,” असं म्हणत मी स्वतःच रेकॉर्ड लावली आणि खुर्च्या ग्रामोफोनकडे पाठ करून मांडल्या. स्पीकर समोर हवेत, असं कारण दिलं. तिघांनीही डोळे मिटले. मी एकटा उघड्या डोळ्यांनी सुईचा हात होडीसारखा वरखाली होताना बघत होतो.

तानपुरा सुरू झाला आणि डोलू लागला. मास्तरांच्या कपाळावर आठी पडली, मग ती हळूहळू विरली.

“आंदोलित गंधार!” ते पुटपुटले. म्हणजे झोके खाणारा ‘ग’. “दरबारी रागात ऐकला होता. यमनात? काय धाडस आहे बुवांचं!”

“धाडस कसलं, दमदमचं प्रेसिंग,” बँकवाले डोळे न उघडता म्हणाले. “भोक मध्यावर पडलेलं नाही. सूर असाच झोके खातो. विलायतेत असली प्रत बाजूला काढतात.”

“भोकाने तानपुरा हलेल. मींड कशी येईल?”

“मग व्होल्टेज. मेमध्ये तुमच्या या वाडीत व्होल्टेज असतं कुठे?”

मी व्होल्टेजला दुजोरा दिला. महावितरणची मनातल्या मनात क्षमा मागितली.

डॉक्टर मनगटाला दोन बोटं लावून बसले होते. “दहा झोके, अठरा सेकंद,” ते म्हणाले. “एक पूर्णांक आठ सेकंदाला एक. अगदी नियमित नाडी आहे. जनावर निरोगी आहे.”

एक पूर्णांक आठ सेकंद म्हणजे बरोबर एक फेरा. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, साठला त्याने भागून बघा. मास्तर गणिताचेच. आता ते भागाकार करणार आणि मी उघडा पडणार, म्हणून मी पंखा वाढवला. पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “शांत बसा. द्रुतात काय करतात ते ऐकायचंय.”

ती बाजू शेवटपर्यंत वाजली. चार वर्षांत पहिल्यांदा.

सुई आतल्या पट्टीत जाऊन खरखरू लागली तेव्हा आई सोलकढीचे पेले घेऊन बाहेर आली. ताटलीकडे बघून तिचा चेहरा खुलला.

“वाजता मां? बरा झाला. बुरशी इल्ली होती तेका. मियाच पुसलंय आणि सोलांवांगडा उनात घातलंय.”

कुणीच काही बोललं नाही. बँकवाल्यांनी एक डोळा उघडला. डॉक्टरांनी सोलकढीचा पेला उचलला आणि त्याच्यामागे तोंड लपवलं. मास्तर उठले, वाकून त्यांनी ताटलीला डोळा लावला आणि बराच वेळ कड न्याहाळली. मी क्षमायाचनेचं पहिलं वाक्य जुळवत होतो. ते आईकडे वळले, खिशातून छोटी वही काढली आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले,

“काकी, उन्हात कुठली बाजू वर होती? पहिली की दुसरी?”

“दोनय,” आई म्हणाली. “दुपारी परतलंय. एकाच बाजून कशी वाळतली?”