सेरिफ म्हणजे विश्वास? फॉन्टच्या तक्त्याला उत्तर

डिझाइन आणि मार्केटिंगच्या वर्तुळात एक तक्ता सतत फिरत असतो. सेरिफ (रेषांच्या टोकांना बारीक फाटे असलेले रोमन अक्षर) म्हणजे विश्वास आणि परंपरा, सान्स-सेरिफ (असे फाटे नसलेले) म्हणजे आधुनिकता, वळणदार अक्षर म्हणजे प्रेम आणि नजाकत, ठळक म्हणजे ताकद. खाली ठरलेली ओळ असते: योग्य फॉन्ट निवडा, ग्राहकाच्या मनात हवी ती भावना आपोआप जागी होईल. नव्याने काम शिकणारी मुले हा तक्ता नियम म्हणून पाठ करतात. म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवे.

पहिला दावा असा, की भावना अक्षराच्या आकारातच असते. मग फ्राक्टूरचे काय करायचे? हे जर्मन, कोनेदार, काळेभोर वळण आज अनेकांना नाझींचे वाटते. नाझींनी ते आधी ‘अस्सल जर्मन’ म्हणून मिरवले, हे खरेच. पण ३ जानेवारी १९४१ रोजी नाझी पक्षातला बडा अधिकारी मार्टिन बोरमान याच्या परिपत्रकाने याच अक्षरांना ज्यूंची अक्षरे ठरवले आणि त्यांचा वापर थांबवायला सांगितले. अक्षराची एक रेषाही बदलली नव्हती, अर्थ मात्र एका कागदाने उलटा केला. त्याच घराण्यातले वळण न्यूयॉर्क टाइम्सच्या नावात आहे, बिअरच्या लेबलांवर आहे आणि हेवी मेटलच्या अल्बमांवरही आहे. तिन्ही ठिकाणी मनात येते ते वेगवेगळे. अक्षर आपल्याला आधी कुठे भेटले, यावर त्याची भावना ठरते.

दुसरा दावा सेरिफ आणि विश्वासाचा. गूगलने २०१५ मध्ये आपल्या लोगोत सेरिफ सोडून सान्स घेतले, पण त्यामुळे कुणी त्यावर शोधायचे थांबले नाही. या दाव्याच्या बाजूने नेहमी माहितीपटकार एरल मॉरिस यांचा २०१२ चा प्रयोग सांगितला जातो. न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर त्यांनी एकच उतारा वाचकांना सहा वेगवेगळ्या फॉन्टमध्ये दाखवला आणि त्यातले विधान पटते का, असे विचारले. पंचेचाळीस हजारांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली. बास्करव्हिल हा सेरिफ फॉन्ट पुढे राहिला, पण फरक होता साधारण दीड टक्क्याचा. प्रयोग मोलाचा आहे. मात्र ‘सेरिफ लावा, विश्वास मिळवा’ एवढे मोठे वाक्य त्याच्या खांद्यावर टाकता येत नाही.

फॉन्ट बदलला की विक्री बदलते, हा तिसरा. संत्र्याचा रस विकणाऱ्या ट्रॉपिकानाने २००९ च्या सुरुवातीला खोका बदलला, दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि जुना खोका परत आणावा लागला. पण तिथे अक्षरांबरोबर संत्र्यात खुपसलेल्या स्ट्रॉचे ओळखीचे चित्रही गेले होते. सगळे खापर एकट्या फॉन्टवर फोडणे चूक.

तक्त्यात तथ्य अजिबातच नाही, असे मी म्हणत नाही. कुठले अक्षर कुठल्या मालाला शोभते, यावर लोकांचे बऱ्यापैकी एकमत होते, हे १९२३ च्या पॉफेनबर्गर आणि फ्रँकेन यांच्या अभ्यासापासून माहीत आहे. पण शोभणे वेगळे, भावना जागी होणे वेगळे आणि खिशात हात जाणे त्याहून वेगळे. माझ्या मते सगळ्यात कामाचा पुरावा वाचनाच्या कष्टांबद्दलचा आहे. साँग आणि श्वार्झ या संशोधकांनी २००८ मध्ये व्यायामाच्या त्याच सूचना काहींना एरियल या साध्या फॉन्टमध्ये दिल्या, काहींना वाचायला अवघड अशा ब्रश फॉन्टमध्ये. एरियलवाल्यांना तो व्यायाम सुमारे ८ मिनिटांचा वाटला, ब्रशवाल्यांना १५ मिनिटांचा. वाचताना झालेला त्रास लोकांनी व्यायामाच्या नावावर लावला.

आणि हा तक्ता जसाच्या तसा मराठीला लावणे तर मला मुळीच मान्य नाही. देवनागरीत रोमनसारखे सेरिफ नसते. अक्षरे शिरोरेषेला लटकतात. फरक पडतो तो बोरूच्या तिरप्या कापातून आलेल्या जाड-बारीक रेषांनी, अक्षराच्या पोटातल्या मोकळ्या जागेने, मात्रा-वेलांट्यांच्या उंचीने. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे ठसे ज्यांनी पोथ्या-पंचांगांत पाहिले, त्यांना त्या वळणात अधिकार दिसतो. तो पिढ्यांच्या वाचनातून आला आहे. कमल शेडगे नाटकांची नावे जाहिरातींसाठी रेखाटत, तेव्हा प्रत्येक नावाला त्याचे स्वतःचे अक्षर मिळे. अक्षर मनाला भिडते याचा यापेक्षा चांगला पुरावा मला ठाऊक नाही, आणि त्यातले एकही अक्षर तक्त्याच्या चार खणांत बसत नाही.

उलट, मराठी वाचकाला नक्की काय खटकते, ते तक्त्यात कुठेच नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, प्रत्येक अक्षराच्या मराठी आणि हिंदी वळणासाठी एकच सांकेतांक आहे, त्यामुळे फॉन्टमध्ये मराठी रूपाची सोय नसेल किंवा मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली नसेल, तर हिंदी वळण उमटू शकते. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट जुळला नाही किंवा ‘महाराष्ट्र’मध्ये हलन्त (पाय मोडल्याची खूण) उघडा पडला, तर पाटीवर कितीही ‘विश्वासार्ह’ फॉन्ट असो, ती परक्याने लिहिल्यासारखी वाटते. म्हणून मराठी काम हाती आले, की ‘लाल’, ‘शाळा’, ‘दुसऱ्या’, ‘महाराष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’ हे शब्द निवडलेल्या फॉन्टमध्ये टाका, छापायच्या सगळ्यात लहान आकारात काढा आणि साठी ओलांडलेल्या माणसाकडून चष्म्याशिवाय वाचून घ्या. विश्वास की आधुनिकता, ही चर्चा त्यानंतर करू.