गेंड्या वेगळा, सोंड्या वेगळा

नारळ बागायतदारांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: "माडाचा भुंगा एकच. गायरीतली (शेणखताच्या खड्ड्यातली) हुमणी मोठी झाली की माडावर चढून खोड पोखरते. शेंड्यात मीठ भरा, भुंगा संपला." यावर विसंबून राहिलात तर सोंड्या नावाच्या दुसऱ्या भुंग्याने धरलेला माड हातचा जाईल.

"भुंगा एकच." साफ चूक. गेंड्या काळा, डोक्यावर शिंग. सोंड्या तांबूस, तोंडाला लांब वाकडी सोंड. जाती दोन, एकाचा दुसरा होत नाही.

"हुमणी खोड पोखरते." खरी गफलत इथे आहे. हुमणी म्हणजे गेंड्याची अळी. ती शेणखत, कुजका पाला, पडलेले ओंडके यांवर जगते. जिवंत माडाच्या वाटेला ती जात नाही. उपद्रव असतो तो पंख फुटलेल्या भुंग्याचा. रात्री शेंड्यात शिरून तो न उमललेला कोंब कुरतडतो आणि रस पितो. पुढे ती झावळी उमलते तेव्हा पात्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसतात. सोंड्याचं उलट. मादी माडाच्या जखमेत अंडी घालते, अळी जिवंत खोडाचा गाभा खात आतच वाढते आणि तिथेच तंतूंचा कोष करते. सोंड्याच्या अळीला पाय नसतात, गेंड्याच्या अळीला सहा असतात. हाती लागलेली अळी उलटी करून बघा, लगेच कळेल.

"मीठ भरा." शेंड्यातलं मीठ खोडातल्या अळीपर्यंत पोचणार कसं? गेंड्या असेल तर भोकात आकडी घालून भुंगा ओढून काढा. वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत 250 ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून घाला. गायरी उपसून अळ्या वेचा, खत ओलं असताना त्यात मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी मिसळा. सोंड्याला यातलं काहीच लागू पडत नाही. भोकातून तपकिरी चीक आणि चघळलेला भुसा येतोय का, खोडाला कान लावल्यावर कुरतडल्याचा आवाज येतो का, हे आधी तपासा. मग वरचं भोक सोडून बाकीची बुजवा आणि कृषी विद्यापीठाने शिफारस केलेलं द्रावण वरच्या भोकातून ओता.

गंध सापळ्याचंही तेच: दोघांचं ल्युअर, म्हणजे भुंग्याला ओढणारं गंधाचं आमिष, वेगवेगळं लागतं.

एवढं खरं की गेंड्याने केलेल्या जखमेतून सोंड्या शिरतो. हिरवी झावळी तोडायचीच झाली तर खोडाशी 120 सेंटिमीटर देठ राखा.

शेंडा कोसळलेला माड वाचत नाही. तो तोडून, खोड चिरून जाळा. नाहीतर आतले सोंडे शेजारच्या माडावर जातील आणि कुजत पडलेल्या ओंडक्यात गेंड्या अंडी घालेल.